रावणाच्या बाह्या

सावरखुट्याच्या शालिग्रामाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वांगी आणि मिरच्याच पिकल्या. थोरले भाऊ अर्जुनराव मळा पाहायचे, अमडापूरच्या बाजाराला भाजीची गाडी न्यायचे. शालिग्रामाच्या हातात मात्र खुरपं कधी टिकलं नाही. दहा वर्षांचा असताना त्याने बापाचं नवं धोतर कापून मळ्यातल्या बुजगावण्याला सदरा शिवला होता. तो इतका नेमका बसला होता, की बापाने काठी उचलली, जरा वेळ बुजगावण्याकडे पाहत राहिला, आणि मगच मारलं.

पुढे लढाईच्या धामधुमीत हा पलटणीचा दर्जी म्हणून भरती झाला. लढाई संपली, पलटण जपानात पहाऱ्यावर गेली, आणि पलटणीबरोबर तिच्या विजारी गेल्या, विजारींबरोबर शालिग्राम. सव्वा वर्ष तो तिथे राहिला. गोळी एकही झाडली नाही, गुंड्या मात्र हजारोंनी लावल्या. परत आला तेव्हा गाव मध्यप्रांतात होतं. मग ते मुंबई राज्यात गेलं, मग महाराष्ट्रात आलं. जागचं न हलता गावाने तीन राज्यं पाहिली, आणि तेवढ्या काळात शालिग्रामाच्या दुकानावर एकच पाटी राहिली : 'शालिग्राम टेलर, जपान रिटर्न.' लग्नाचं वय शिलाईतच निघून गेलं. पाटीकडे मात्र तो दर दिवाळीला नवा रंग घेऊन चढायचा.

जपानची गोष्ट तो पंधरा वर्षं सांगत होता. छावणीजवळच्या एका खेड्यात देवळाच्या अंगणात नाटक होतं. नट रंगात आला, त्याच्या अंगावर राखी झगा होता. मागून एक काळ्या कपड्यांतला, तोंड झाकलेला माणूस आला, त्याने झग्याचे दोन दोरे ओढले आणि राखी झगा गळून पडला. आत लालभडक जरीचा. डोळ्याचं पातं लवलं तेवढ्यात. आणि तो काळा माणूस सगळ्यांच्या देखत आला-गेला, पण तो दिसला असं तिथे कुणीच म्हणत नव्हतं. काळे कपडे घातले की माणूस नाहीच असं धरायचं, अशी तिकडची रीत.

गावाने यातला जपान तेवढा मान्य केला. कपड्याची गोष्ट मात्र कुणाच्या गळ्याखाली उतरली नाही. न दिसणाऱ्या माणसाचं नाव निघालं की पारावर हसण्याची लाट उठायची. "शालिग्रामा, तुह्या शिलाईचे पैसे त्या काया माणसाजोळ देल्ले रे," असं एक जण म्हणायचा, आणि बाकीचे मांड्या थोपटायचे. शालिग्रामही हसायचा. पण घरी आल्यावर जेवताना दोन भाकरींच्या जागी एकच खायचा, हे त्याची वहिनी झुंबरबाई हिने पाहून ठेवलं होतं.

आता सावरखुट्याच्या सोंगांबद्दल सांगायला हवं. चैत्रात दुपार कलली की मारुतीच्या पारासमोर सोंगं निघत आणि दिवेलागणीच्या आत संपत, कारण गावात वीज अजून यायची होती. शेवटचं सोंग रावणाचं. रावण गोसाव्याच्या वेशात यायचा, सीतेला भिक्षा मागायचा, सीता रेघ ओलांडायची, आणि मग रावणाने खरं रूप दाखवायचं. हे खरं रूप म्हणजे मखमली अंगरखा आणि खांद्यावर बांधायची दहा तोंडांची लाकडी फळी. ती बांधायला चार माणसं लागायची. तोवर दोघांनी पुढे धोतर धरून आडोसा करायचा. हा पडदा धरण्याचा मान भगवानरावांच्या घराण्याचा होता, आजोबापासून.

पडद्यामागे रावण तयार होईपर्यंत बायका घरी जाऊन चुलीवरचं दूध बघून यायच्या. सीता बिडी ओढून घ्यायची. एके वर्षी तर फळीच्या दोरीला गाठ बसेना, म्हणून रावण बाहेर येईपर्यंत मागे बसलेले दोन म्हातारे झोपून गेले, आणि सीताहरण त्यांनी पाहिलंच नाही.

त्या साली सोंगांची बैठक बसली तेव्हा शालिग्राम उभा राहिला. म्हणाला, यंदा रावणाचा कपडा मी शिवतो. फळी नको, मखमल नको, पडदाही नको. सगळ्यांच्या समोर, पातं लवायच्या आत गोसाव्याचा रावण करून दाखवतो. रावणाचं काम दरवर्षी उत्तमराव करायचा. धिप्पाड, कुस्त्या खेळलेला गडी. फळीने त्याचे खांदे सोलून निघायचे, त्यामुळे तो लगेच हो म्हणाला.

सगळे भगवानरावांकडे पाहू लागले. भगवानराव मोठे जमीनदार, पन्नाशीचे, मिशीला पीळ देणारे. तीस वर्षं दरसाल ते तो पडदा धरून उभे राहिले होते.

"पडदा नाही तं मंग आमी काय करावं?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणूनच जास्त बोचला. "माह्या आज्यानं धरला, बापानं धरला. आता हा जपानवाला सांगन का हात बगलंत घालून उभे राहा?"

शालिग्रामाला माघार घेता आली असती. पण पंधरा वर्षांची हसणी एकदम त्याच्या कानात गोळा झाली. तो म्हणून बसला, "नाही झालं तं पाटी उतरवतो, भाऊ. मशीन इकून टाकतो."

"अन् मंग?"

"मंग दादाच्या मळ्यात वांगे निंदतो. जलमभर."

"बरं," भगवानराव म्हणाले. "पण सोंगाची रीत मोडायची नाही. पडद्याआड चालते, पण उघड्यावर, एकदा कपाळाले कुंकू लागलं का सोंगाले माणसाचा हात लागू देणार नाही मी. लागला तं सोंग मोडलं, अन् तुही पाटी उतरली." आणि जाता जाता म्हणाले, पडदा खांद्यावर ठेवूनच मी उभा राहीन. लागलाच तं.

त्या दिवसापासून शालिग्राम दुकानाचं दार आतून लावून शिवायला लागला. भगवानरावांच्या माणसांना युक्ती कळू नये म्हणून त्याने ती फक्त उत्तमरावाला सांगितली. भावाला नाही, वहिनीलाही नाही.

आतला झगा त्याने जपानी रीतीने बेतला. तिकडची एक म्हातारी त्याने पाहिली होती, ती कापडाला गोल कात्री लावायचीच नाही. सरळ पट्टे, सरळ शिवण, चिंधीसुद्धा वाया नाही. बगलेचा गोल कापण्यात ज्याची हयात गेली त्या शालिग्रामाला आधी ती शिलाई आळशी वाटली होती, मग तिने त्याची झोप उडवली होती. आता त्याने तशाच बाह्या बेतल्या, हात पसरले की जमिनीला टेकतील एवढ्या. आणि त्या बाह्यांवर रावणाची उरलेली नऊ तोंडं बसवायची ठरवली : डावीकडे चार, उजवीकडे पाच. हात मिटले की तोंडं घडीत, हात पसरले की सगळी रावणाच्या दोन्ही अंगांना.

नवं कापड आणायची ऐपत नव्हती, आणि खरं तर त्याला नवं नकोच होतं. बापाचं फाटकं पागोटं, लुगड्यांचे काठ, पलटणीची खाकी, मोडक्या छत्रीचं काळं कापड, हे सगळं त्याने झुंबरबाईपुढे टाकलं. झुंबरबाईची वाकळ म्हणजे पंचक्रोशीत नावाजलेली. तिचा धावदोरा मुंगीच्या रांगेसारखा जायचा, एक टाका मोठा नाही, एक लहान नाही. कशासाठी ते न विचारता तिने आठ दिवसांत नऊ तोंडं वाकळीसारखी शिवून दिली. फक्त एका तोंडाकडे बघून म्हणाली, "भाऊजी, हे तं थेट भगवानरावावाणी दिसून राह्यलं." शालिग्रामाने घाईघाईने त्याची मिशी उसवली.

बाहेरचा भगवा झगा हे खरं कसब. तो दोन्ही खांद्यांवर आणि बाह्यांवर नुसत्या कच्च्या टाक्यांनी जोडलेला होता. हातहात लांबीचे सैल टाके, आणि त्यांच्या दोऱ्यांची टोकं दोन रुद्राक्षांना बांधलेली. गोसाव्याच्या अंगावर रुद्राक्ष असायचेच, कुणाला संशय येणार नव्हता. काळा माणूस आपल्याकडे चालणार नाही हे शालिग्राम जाणून होता, म्हणून त्याने रुद्राक्ष पुढे, छातीवर आणले होते. उत्तमरावाने स्वतः दोन्ही ओढायचे, दोरे सरसर निघणार आणि भगवं पायाशी गळून पडणार. दुकानात सात वेळा करून पाहिलं, सातही वेळा झालं.

सोंगाच्या दिवशी सकाळी झगा घरात खुंटीवर टांगलेला होता. शालिग्राम उत्तमरावाची हजामत पुरी झाली का पाहायला गेला.

दुपार कलली. गाव पारासमोर जमलं. म्हातारी मंडळी घोंगड्यांवर बसली, बायका देवळाच्या सावलीला. भगवानराव पडद्याचं धोतर खांद्यावर टाकून रिंगणाच्या तोंडाशी उभे राहिले, जणू धुवायला नदीवर निघालेत. उत्तमरावाला गोसाव्याचा वेश चढला, कपाळाला कुंकू लागलं. आता त्याला कुणी हात लावायचा नव्हता. रीतीप्रमाणे तो आधी गावातल्या तीन घरी खरीखुरी भिक्षा मागायला निघाला. डफ वाजू लागला.

शालिग्राम देवळाच्या भिंतीला टेकला. शेजारी झुंबरबाई येऊन बसली. तिच्या चेहऱ्यावर, दिराची लाज आपण राखली, अशी माया होती.

"भाऊजी," ती हळूच म्हणाली, "तुमी रागवाल म्हणून सांगतलं नाही. तो भगवा झगा तुमी लयच घाईनं शिवला होता. हातहात टाके. कोणी पाह्यलं असतं तं घराची अब्रू गेली असती. अन् कच्च्या दोऱ्याचं कापड अंगावर चढलं का कामात इघ्न येते."

शालिग्रामाने तिच्याकडे पाहिलं.

"मीनं सकाळी पक्के करून देल्ले," झुंबरबाई म्हणाली. "दोन्ही खांदे. दुहेरी दोरा, वाकळीचा. आता बैलानं ओढला तरी निंघत नाही."

डफ पहिल्या घरासमोर थांबला होता.

शालिग्रामाला वहिनीवर रागावताही आलं नाही. लपवलं त्याने होतं. उभ्या आयुष्यात तिने घरातला एकही कच्चा टाका तसाच सोडला नव्हता, हे त्याला ठाऊक असायला हवं होतं. तो उठला आणि गर्दीतून पहिल्या घराकडे धावला. तोवर सोंग दुसऱ्या घरी गेलं होतं. तिथे पोचला तर भगवानरावांचा चुलतभाऊ वाट अडवून उभा. म्हणाला, कुंकू लागलं, आता मागं सर. शालिग्रामाने मान वर करकरून उत्तमरावाला खुणा केल्या. उत्तमरावाला वाटलं, हा धीर देतोय. त्याने गोसाव्याच्या ऐटीत हात वर करून आशीर्वाद दिला, आणि तो तिसऱ्या घराकडे वळला.

सोंग रिंगणात आलं. सीतेचं काम पुंजाजीकडे. मिशा काढाव्या लागल्या म्हणून तो सकाळपासून गुरगुरत होता, पण आता पदर सावरून उभा राहिला होता. "भिक्षा वाढ, माई," उत्तमराव गरजला. पुंजाजी सूप घेऊन पुढे आला आणि राखेच्या रेघेशी थबकला. डफ हळू झाला. पुंजाजीने रेघ ओलांडली.

उत्तमरावाने दोन्ही हातांनी रुद्राक्ष धरले आणि ओढले.

काहीच झालं नाही.

त्याने पुन्हा ओढले. बाह्यांवरचे कच्चे दोरे सुटले, पण झग्याला नुसती सुरकुती पडली, खांदे तेवढे कानांपर्यंत वर आले. डफवाला तोच ठेका पुन्हा पुन्हा वाजवत राहिला. मागे कुणी तरी खाकरलं. उत्तमरावाच्या कपाळावरचं कुंकू घामाने नाकावर उतरलं. तिसऱ्यांदा त्याने असा हिसका दिला की उजवा रुद्राक्ष तुटून हातात आला. तो रुद्राक्षाकडे पाहत राहिला, आणि सगळं गाव त्याच्याकडे. पुंजाजी सीतेच्या आवाजात पुटपुटला, "काऊन बे, काय झालं?"

भगवानरावांनी खांद्यावरचं धोतर सावकाश खाली घेतलं. एक घडी उलगडली. मग दुसरी.

शालिग्रामाला त्या क्षणी पाटी दिसली. शिडीवर चढून ती उतरवणारा तो स्वतः दिसला. आणि वांग्यांची एक लांबच लांब रांग, जिचं दुसरं टोक दिसत नव्हतं. त्याच्या पुढ्यातच अर्जुनराव चार म्हाताऱ्यांसोबत काळ्या घोंगड्यावर बसले होते.

"दादा, उठा," तो म्हणाला.

"काय?"

शालिग्रामाने घोंगडं ओढलं. अर्जुनराव एकीकडे कलंडले, म्हातारे दुसरीकडे. घोंगडं त्याने डोक्यावरून घेतलं, तोंड झाकलं, कमरेची कात्री आत धरली आणि तो रिंगणात उतरला.

तो धावला नाही. जपानातला तो माणूस कसा चालला होता हे पंधरा वर्षांत तो विसरला नव्हता. गुडघ्यात वाकून, पाय न उचलता, जमिनीवरून सरकल्यासारखा. चैत्राच्या उन्हात ते काळं घोंगडं सावलीसारखं सरकत रावणाच्या मागे गेलं. कुणी तरी फिस्सकन हसलं. मग आणखी एक जण हसायला गेला आणि मध्येच थांबला, कारण शेजारचा हसला नव्हता.

घोंगड्याच्या आत अंधार, घाम आणि मेंढीचा वास. शालिग्रामाने बोटांनी शिवण चाचपली. झुंबरबाईचा टाका. एकाएवढाच दुसरा, दुहेरी, आवळून बसवलेला. कात्रीचं टोक आत जाईना. उजव्या खांद्याला सात टाके होते, ते त्याने एकेक करून कापले. डावीकडे वळला. रिंगणात फक्त कात्रीचा आवाज होता, डफवाल्याचे हात केव्हाच थांबले होते. चार, पाच, सहा. सातवा टाका काही केल्या सापडेना. भगवानरावांची पावलं रिंगणात पडल्याचं त्याला ऐकू आलं. एक, दोन. मग ती थांबली.

सातवा काखेत होता. वहिनीने तिथे गाठही मारली होती, सवयीने. शालिग्रामाने ती कापली.

"आता हात पसर," तो घोंगड्यातून म्हणाला.

उत्तमरावाने हात पसरले. भगवं गळून पायाशी पडलं. बाह्यांच्या घड्या सुटल्या आणि उतरत्या उन्हात नऊ तोंडं एकदम बाहेर आली, कुणाला लुगड्याच्या काठाच्या भुवया, कुणाला पलटणीच्या पितळी गुंड्यांचे डोळे. मध्ये उत्तमरावाचं दहावं, घामाने आणि कुंकवाने माखलेलं. तो गरजला. इतक्या वेळची सगळी भीती त्या गरजण्यात होती. बायकांत पोरं रडू लागली. पुंजाजी खरोखरच भ्याला आणि सूप टाकून पळत सुटला. सीताहरणाचं सगळं काम मग रावणाला त्याच्या मागे लिंबापर्यंत धावून करावं लागलं.

सोंग संपलं तसं सगळं गाव भगवानरावांकडे वळलं. ते रिंगणात दोन पावलं आत, अर्धवट उलगडलेलं धोतर हातात घेऊन उभे होते. घोंगडं तिथेच मध्यभागी उकिडवं बसलं होतं. बाहेर यावं की न यावं हे त्याला कळत नव्हतं.

चुलतभाऊ म्हणाला, सोंगाले माणसाचा हात लागला, सर्व्यायनं पाह्यलं.

भगवानरावांनी हातातल्या धोतराकडे पाहिलं. तीस वर्षं त्यांनी पडदा धरला होता. तीस वर्षं त्यांनी पडद्यामागचा रावण पाहिला होता : दोरीला गाठ मारणारा, पाणी मागणारा, शिव्या देणारा. गावाला दिसतो तो रावण त्यांना आजवर कधी दिसला नव्हता. धोतराच्या मागे उभं राहून दिसतही नाही.

"कोणता माणूस?" ते म्हणाले.

"हा काय, घोंगड्यातला."

"मले तं कोणी दिसला नाही बा," भगवानराव म्हणाले आणि धोतराची घडी करू लागले. "तुले दिसला का? मंग तुह्या डोयात काही गेलं असन."

पाटी राहिली. दिवाळीला तिला पुन्हा रंग बसला. शालिग्रामाला एकच खंत लागून राहिली. तो पराक्रम आपण केला असं तो सांगू लागला की गाव मानेना. भगवानरावांनी कुणी पाहिला नाही म्हटल्यावर कुणीच पाहिला नव्हता. कपडा आपोआप गळाला, म्हणायचे, जपानी कपडाच तो. जो न दिसणारा माणूस पंधरा वर्षं कुणी मानला नाही, तो आता सगळ्यांनी मानला, आणि आत कोण होतं तेवढं विसरून गेले. झुंबरबाईला नंतर युक्ती समजावून सांगितली. तिने ती नीट ऐकून घेतली आणि म्हणाली, समजलं सगळं, पण कच्चा टाका मले अजून पटत नाही.

पुढच्या चैत्राच्या आधी भगवानराव दुकानात आले. ऊन फार आहे म्हणाले. छिटाच्या ताग्याला हात लावून पाहिला. मिरचीचा भाव विचारला, जो शालिग्रामाला कधीच ठाऊक नसायचा. मग दाराकडे तोंड करून म्हणाले, "पडद्याचा मान आमच्या घराण्याचा. पडदा गेला म्हणून मान जात नाही. दोरे वढायचा मान आता आमचा. घोंगड्यात लय गरम होते म्हणतेत. त्या तुह्या काया माणसावाणी कायं कापड घे, पातळ."

शालिग्रामाने टेप काढला. छाती, खांदा, उंची. भगवानराव हात पसरून उभे राहिले, रावणासारखे.

"खिसा पाह्यजे," ते म्हणाले.

"भाऊ, जो माणूस नाहीच त्याले खिसा कायले?"

"तंबाखू कोठी ठेवू मंग?"

शालिग्रामाने थोडा विचार केला, आणि खिसा आतल्या बाजूने लावून दिला. पक्क्या टाक्याने.